हृदयशस्त्रक्रियोत्तर विषम स्पंदन : स्थानिक औषधप्रयोग व वैद्याचे कर्तव्य

बायपास वा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दर तीन-चार रुग्णांपैकी एकास अलिंदांचे द्रुत व विषम स्पंदन, म्हणजेच अट्रियल फिब्रिलेशन, उद्भवते. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ते आढळते. रक्ताची गुठळी व पक्षाघात यांचा धोका त्यामुळे वाढतो. शस्त्रकर्माचा आघात, हृदयावरणातील शोथ व साचलेले रक्त आणि स्वायत्त मज्जातंतूंचा क्षोभ ही त्याची प्रमुख कारणे होत.

स्थानिक प्रयोगाचे तत्त्व

अमिओडॅरोन हे यावरील प्रभावी औषध. परंतु मुखावाटे वा शिरेवाटे दिल्यास ते सर्व शरीरात पसरते. दीर्घकाळ घेतल्यास थायरॉइड, फुप्फुसे व यकृत यांस अपाय संभवतो. म्हणून छाती बंद करण्यापूर्वी अमिओडॅरोनयुक्त जेल दोन्ही अलिंदांच्या बाह्य पृष्ठावर लावण्याची पद्धती अभ्यासली गेली. औषध हळूहळू स्रवते. हृदयपेशींत पुरेसे, तर रक्तात अत्यल्प राहते. चीनमधील 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायपासच्या 100 रुग्णांपैकी जेल लावलेल्यांत 8 टक्के, तर इतरांत 26 टक्के जणांना हा विकार झाला. हृदयावरील मेदात बोटुलिनम टॉक्सिन टोचण्याचा 60 रुग्णांवरील 2015 चा रशियातील प्रयोगही आशादायक ठरला. मात्र नंतरच्या मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. म्हणून हे प्रयोग अद्याप नित्योपचार झालेले नाहीत.

आपल्यासाठी बोध

सुश्रुतांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे, हे येथे विसरू नये. वरील लेप उघड्या हृदयावर शल्यविशारद करतो. हृद्बस्ति त्याचा पर्याय नव्हे, व उरोस्थी पूर्ण सांधण्यापूर्वी तो करूही नये.

बहुतेक रुग्ण आजही अमिओडॅरोन गोळ्या, व काही सोबत वॉरफरीन, घेऊनच आपल्याकडे येतात. अमिओडॅरोनचा अंश गोळ्या बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहतो. अशा रुग्णास खोकल्यासाठी सहज दिलेले यष्टीमधु रक्तातील पोटॅशियम घटवून विषम स्पंदनास निमंत्रण देऊ शकते. गुग्गुलिपिडने डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे 1994 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसले. अर्जुनाच्या भरवशावर चालू औषधे थांबवू नयेत.

औषधी दुकानदारांनीही शस्त्रक्रियेचा इतिहास विचारल्याविना अशी योगे देऊ नयेत. नाडी विषम लागली, धडधड, भोवळ वा श्वासकष्ट असल्यास ईसीजीसाठी त्वरित पाठवावे. बोलणे अडखळल्यास वा एक बाजू लुळी पडल्यास क्षणाचाही विलंब नको.