पुसलेली ओळ : संगणकाच्या साहाय्याने लेखन शिकविताना

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला आम्ही ‘माझ्या आठवणीतील प्रवास’ हा विषय निबंधासाठी दिला. एका विद्यार्थिनीने संगणक कक्षातून छापून आणलेला निबंध निर्दोष होता. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. त्यात थंड हवेचे ठिकाण होते, दाट धुके होते, निसर्गाच्या कुशीत वसलेले गाव होते आणि शेवटी प्रवासाने माणूस समृद्ध होतो हा बोधही होता. नव्हती ती फक्त ती मुलगी. तिचे आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. वसतिगृहात दाखल होण्यापूर्वी तीही त्यांच्याबरोबर जात असे. तिने केलेला लांबचा प्रवास तेवढाच, आणि त्याविषयी निबंधात एक अक्षरही नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला तिने विषय सांगितला होता आणि त्याने अर्ध्या मिनिटात निबंध लिहून दिला होता.

आम्ही तिच्यावर रागावलो नाही, कारण रागावण्याचा नैतिक अधिकार आम्हांस नव्हता. ‘मी फळा बोलतोय’, ‘मी पाहिलेली जत्रा’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे निबंध आम्हीच वर्षानुवर्षे गाईडातून उतरवून घेतले. सुरुवात आकर्षक हवी, मध्ये एखादे सुभाषित हवे, शेवट बोधपर हवा, हे आम्हीच शिकविले. जत्रेला कधी न गेलेल्या मुलानेही जत्रेचे वर्णन पाठ केले आणि त्यास गुण मिळाले. उसन्या वाक्यांची सवय यंत्राने लावली नाही. गाईडाचे काम त्याने फक्त जलद केले.

मात्र यामुळे एक प्रश्न आम्हांस टाळता येईना. ज्या समाजाने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे नाव धारण करून आपल्या मुकेपणाला तोंड फोडले, त्याच समाजाची मुले शंभर वर्षांनी सफाईदार, परंतु परक्या वाक्यांच्या आड पुन्हा मुकी होणार काय? आणि ज्या संगणकामुळे हे घडू शकते, तोच संगणक मुलाचा स्वतःचा शब्द बाहेर आणण्यास उपयोगी पडेल काय? यानंतरच्या वर्षभरात वर्गात जे प्रयोग केले, त्यांचा वृत्तान्त माजी विद्यार्थी, पालक व धम्मबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

आधी बोलणे, मग लिहिणे

त्या मुलीस आम्ही निबंध परत दिला नाही, शेजारी बसविले आणि कारखान्याला जाण्याची हकीकत विचारली. ती वीस मिनिटे बोलत होती. मुकादमाची उचल, ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर काढलेली रात्र, फड, कोयता, पाचट, कोपी. तिच्या परवानगीने आम्ही ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. नंतर तिने ते ऐकत, बोलून टंकलेखन करण्याची सोय वापरून स्वतः संगणकावर उतरविले.

ही सोय ज्यांच्या घरात पहिल्यांदाच अक्षर आले आहे, अशा मुलांसाठी मोलाची आहे. बोलताना न अडखळणारे मूल लेखणी हाती घेताच थिजते. आपले बोललेले पडद्यावर अक्षररूपाने उमटते आहे, हे पाहिल्यावर ‘मला लिहिता येत नाही’ हा त्याचा समज सुटू लागतो. परंतु यंत्राचा कान शहरी आहे, हेही लक्षात ठेवावे. ‘कोपी’ म्हटले की त्याने ‘कॉपी’ लिहिले. ‘व्हतं’चे ‘होतं’ केले. विरामचिन्हे तर घातलीच नाहीत. म्हणून यंत्राने लिहिलेले प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहणे, हा आम्ही पाठाचाच भाग केला. यंत्र चुकू शकते हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. तथागतांनी कालामांना ग्रंथात आहे म्हणून वा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका असे सांगितले. पडद्यावर आले म्हणून स्वीकारू नये, हा त्याच उपदेशाचा आजचा अर्थ होय.

खर्डे जपणे

वहीवर लिहिताना मूल चूक खोडते किंवा पानच फाडते. शिक्षकापुढे येते ती फक्त शेवटची प्रत. गुगल डॉक्ससारख्या साधनात लेखाच्या प्रत्येक आवृत्तीचा इतिहास राहतो. काल काय होते, आज काय बदलले, हे मागे जाऊन पाहता येते. आमच्याकडे तिघांत एक संगणक आणि वीज व इंटरनेट यांचा भरवसा नाही. त्यामुळे पुष्कळदा ‘खर्डा एक’, ‘खर्डा दोन’ अशा वेगवेगळ्या फायली करूनच आम्ही काम भागविले. साधन कोणते हे गौण आहे. पहिला खर्डा पुसू नये, हे महत्त्वाचे.

त्या मुलीच्या पहिल्या खर्ड्यात अशी वाक्ये होती : ‘आम्ही ऊस तोडायला गेलो. तिथे खूप थंडी होती. आम्हांला खूप त्रास झाला.’ आम्ही समासात एवढाच प्रश्न लिहिला : ‘थंडी तुला कशी कळायची?’ तिसऱ्या खर्ड्यात तिने लिहिले : ‘पहाटे तीनला आई उठायची. कोपीच्या दाराला पोतं लावलेलं होतं. ते बाजूला झालं की गार वारा माझ्या अंथरुणात यायचा. त्या वाऱ्यावरून मला कळायचं, आई फडात निघाली.’

दोन्ही खर्डे आम्ही वर्गात शेजारी शेजारी ठेवले. ‘खूप’ हा शब्द का गेला आणि पोते का आले, हे मुलांनीच सांगितले. लेखनाचा इतका चांगला धडा आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नव्हता.

सूचना आणि नकार

आता आमची चूक सांगतो. ‘कोपी’ हा शब्द वाचकास कळणार नाही, असे वाटून आम्ही सूचना देण्याच्या सोयीतून त्या जागी ‘झोपडी’ सुचविले. या सोयीत लेखकाचा मूळ शब्द तसाच राहतो, सूचना बाजूस दिसते आणि ती स्वीकारावी की नाकारावी हे लेखकाने ठरवायचे असते. तिने नाकारली. विचारले तेव्हा म्हणाली, “सर, झोपडी गावाकडं असती. ती आमची असती. कोपी चार महिन्यांची, कारखान्याची.” एका शब्दात तिने आम्हांस ऊसतोडीचे अर्थशास्त्र शिकविले.

लाल शाईने खोडलेल्या शब्दाला असा नकार देण्याची सोय नव्हती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोलाविले आणि भाषणातील काही मजकूर खटकल्यावर बदल सुचविले. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाहीत. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले आणि ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ जगापुढे आला. कोणती दुरुस्ती घ्यावी आणि कोणती नाकारावी, हे कळणे म्हणजेच लेखक होणे. शुद्धलेखनाची दुरुस्ती आमच्या मुलांनी घ्यावीच. प्रमाणभाषा हे परीक्षेचे व व्यवहाराचे हत्यार आहे आणि ते त्यांच्या हाती आलेच पाहिजे. परंतु यंत्र ज्या शब्दाखाली लाल रेघ ओढते, तो शब्द चुकीचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो यंत्रास ठाऊक नसलेल्या जीवनाचा असतो.

पुसलेली ओळ

खर्डे चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या खर्ड्यात एक ओळ होती, ती तिसऱ्यात नव्हती : ‘शाळेत परत आल्यावर बाईंनी विचारलं कुठं होतीस, मी म्हटलं मामाच्या गावाला.’ आम्ही वर्गात काही बोललो नाही. एकांतात एवढेच म्हणालो की, ती ओळ आम्ही वाचली आहे, ठेवायची की नाही हे तुझे तू ठरव. चार दिवसांनी तिने ती परत घातली, निबंधाची शेवटची ओळ म्हणून. एका मुलाने अशीच एक ओळ पुसली होती. त्याने ती परत घातली नाही, आणि आम्ही विषय काढला नाही. मुलांचे खर्डे शिक्षकास दिसतात ही या साधनाची शक्ती आहे, आणि धोकाही. घरातले दुःख समूहावर फिरविण्यासाठी नसते. म्हणून मुलाच्या व पालकांच्या संमतीवाचून कोणतेही लेखन वर्गाबाहेर न्यायचे नाही, हा नियम आम्ही पाळतो. प्रस्तुत मजकूरही तशा संमतीनेच दिला आहे.

ही परंपरा आपलीच

मुलांच्या लेखनाला आपल्या इतिहासात मोठे स्थान आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे थंडीपावसातले हाल त्या विद्यार्थिनीने लिहून ठेवले. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे वसतिगृह काढले, तेव्हा तेथील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. साधने तुटपुंजी होती, पण शब्द त्यांचे होते. आमच्या मुलांजवळ साधने आहेत. शब्द त्यांचे राहावेत, एवढेच पाहायचे आहे.

आमची मुले रोज सकाळी पंचशील म्हणतात. न दिलेले घेणार नाही, असत्य बोलणार नाही. यंत्राने लिहिलेला निबंध स्वतःच्या नावावर देणे या दोन्ही शीलांत बसत नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. चर्चेत त्यांनीच ते मांडले. म्हणून आमच्या वर्गात यंत्रास प्रश्न विचारता येतो, शब्दाचा अर्थ विचारता येतो, पण पहिला खर्डा मुलाचाच असतो. आणि परीक्षा कागदावरच असल्यामुळे शेवटची प्रत हातानेच लिहिली जाते.

पालकांना विनंती की, भेटीच्या रविवारी ‘किती गुण पडले?’ याआधी ‘काय लिहिलंस? वाचून दाखव’ असे म्हणावे. आपणांस वाचता येत नसले तरी ऐकता येते, आणि मुलाच्या लेखनात आपले घर आहे की नाही हे आपल्याइतके कोणास कळणार? माजी विद्यार्थ्यांना विनंती की, वापरात नसलेला संगणक शाळेस द्यावाच, परंतु महिन्यातून एकदा एका मुलाचा खर्डा वाचून त्यावर एक प्रश्नही लिहावा. दुरुस्ती नको, प्रश्न हवा.

त्या मुलीचा निबंध आता वर्गाच्या फलकावर आहे. शेजारी तिचा पहिला खर्डाही लावला आहे, तिच्याच इच्छेने. यंदा नववीत आलेली मुले दोन्ही वाचतात आणि विचारतात, “सर, आम्ही पण आमचंच लिहायचं का?”

होय, बाळांनो. तुमचेच लिहायचे.

जय भीम.