प्रभूबरोबर जागे राहणे

वाचन : मत्तय २६:३६-४६

गेथशेमाने बागेत प्रभू येशूने शिष्यांजवळ एकच गोष्ट मागितली : त्यांनी आपल्याबरोबर जागे राहावे. आपले दुःख त्यांनी दूर करावे असे तो म्हणाला नाही; त्याने सोबत मागितली. शिष्य मात्र झोपी गेले. ह्याच प्रसंगात मरणासन्नांच्या सेवेचा पाया पाहणाऱ्या एका परिचारिकेच्या कार्याचा आज आपण विचार करू.

सिसिली सॉन्डर्स (१९१८-२००५) ह्या लंडनमध्ये परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णांच्या अडीअडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. तेथे त्यांना डेव्हिड टास्मा हा वॉर्सा येथील यहूदी निर्वासित भेटला. परमुलखात तो कर्करोगाने मरणपंथास लागला होता. सिसिलीबाई त्याच्याजवळ बसत व त्याचे ऐकत. मरणोन्मुखांसाठी एक घर असावे, हा विचार ह्या भेटींतच रुजला. १९४८ साली मृत्यूपूर्वी त्याने त्या घराच्या एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. पुढे १९५७ मध्ये सिसिलीबाई डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. ती खिडकी आजही त्या देणगीची साक्ष देते.

त्यांच्या कार्यातून तीन धडे मिळतात.

१. वेदना केवळ शरीराची नसते. मागे राहणाऱ्या मुलांची काळजी, न फिटलेले कर्ज, न मागितलेली क्षमा, देवाने आपणास टाकले की काय ही भीती, हे सर्व त्याच खाटेवर असते.

२. वेदना सोसणे म्हणजे विश्वास नव्हे. दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता मॉर्फिन ठरलेल्या वेळी नियमित द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. वेदना शमली म्हणजेच रोग्याला आप्तांशी बोलता येते, प्रार्थना करता येते.

३. आधी ऐकावे, मग बोलावे. “काही होणार नाही, तुम्ही बरे व्हाल,” असे म्हणून आपण धीर देतो असे आपणास वाटते. परंतु पुष्कळदा रोग्याला सत्य कळलेले असते. आपल्या शब्दांनी त्याचे तोंड बंद होते व तो अधिकच एकटा पडतो.

भारतात १९८६ साली मुंबईतील वांद्रे येथे ‘शांती अवेदना’ हे अशा सेवेचे पहिले घर सुरू झाले. तरीही अनेकांची अखेरची खाट स्वतःच्याच घरात असते. तेथे ही सेवा आपल्याकडे येते. बरे करण्याचे उपाय संपले तरी करण्यासारखे पुष्कळ उरते : कोरडे ओठ ओले करणे, कूस बदलणे, हात धरून गप्प बसणे. आपल्या प्रभूला त्या रात्री जे मिळाले नाही, ते आपण त्याच्या लेकरांना देऊ शकतो.

मननासाठी : आपल्या मंडळीत आज कोणाच्या खाटेजवळ जाण्याचे आपण टाळीत आहोत? तेथे गेल्यावर आपण किती बोलतो आणि किती ऐकतो?