गवत की लव्हाळा?

सांगली जिल्ह्याच्या कृष्णाकाठच्या क्षारपड, पाणथळ रानांत जे हिरवे व अरुंद पानांचे दिसेल, त्या सर्वांस मुले गवतच म्हणतात. शिक्षकांनी हरळी व लव्हाळा ही दोन्ही मुळांसकट वर्गात आणावीत. लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरविताच तीन कडा लागतात. तो भरीव असून त्यास पेरे नसतात. हरळीचा दांडा गोलसर व पेरांचा. दांडा आला नसल्यास बुंध्याशी पाने पाहावीत : लव्हाळ्याची तीन रांगांत, गवताची दोन. पाणकणसाविषयी फार सांगावयास नको. त्याचे तपकिरी कणीस दुरूनही ओळखू येते. या भेदाशी शेतकऱ्याचे श्रम निगडित आहेत. लव्हाळा नुसता ओढल्यास वरचा भाग तुटतो, गाठ जमिनीत राहते आणि तीतून पुन्हा कोंब येतो. ती गाठ मुलांकडून खुरप्याने उकरून काढवावी.