तलाठ्याचे नवे दप्तर

शेतकऱ्याच्या घरी एक कागद फार जपून ठेवलेला असतो. तो म्हणजे सातबाराचा उतारा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे गाव नमुना सातमध्ये लिहिलेले असते आणि तिच्यात कोणते पीक उभे आहे हे नमुना बारामध्ये. या दोन नमुन्यांवरून त्याला हे नाव पडले. पिढ्यान्‌पिढ्या तलाठी हा उतारा हाताने लिहून देत असे. त्याचे दप्तर म्हणजे फडक्यात बांधलेल्या जाडजूड वह्या. शाई फिकी झाली किंवा कागदाला कसर लागली, की आकडे वाचताना नाकी नऊ येत.

हे दप्तर संगणकावर आणण्याचे ठरले, तेव्हा यंत्रे आणणे त्यामानाने सोपे होते. खरी अडचण होती ती माणसांची. ज्या हाताला वर्षानुवर्षे लेखणीची सवय, त्याला कळफलक परका वाटे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पुढे सरकारी नोकरांनीही पुरा केला. कित्येकांना आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसावे लागले.

परंतु कळ दाबता येणे निराळे आणि आपण काय नोंदवीत आहोत हे कळणे निराळे. वहीतील खाडाखोड डोळ्यांना खुपते. पडद्यावरची चूक मात्र अगदी नीटनेटकी दिसते. दीड हेक्टराचे १.५० लिहिण्याऐवजी १.०५ पडले, तर ४५ आर, म्हणजे एका एकराहून अधिक जमीन कागदावरून नाहीशी होते!

म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातील उतारे ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही आपल्या शेताचे माप तोंडपाठ होते. नव्या यंत्राची पारख जुन्या चावडीने केली, हे नवलच म्हणावयाचे. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरी यंत्रातून उमटली, तरी तिची जबाबदारी तलाठ्याच्याच शिरावर राहिली.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. आता शिकवण्याची पाळी तलाठ्याची होती. एकेकाळी कळफलकावर अक्षर शोधत बसणारे कर्मचारी बांधावर उभे राहून शेतकऱ्याला पिकाचे छायाचित्र कसे घ्यावे, गट क्रमांक कोठे भरावा, हे दाखवू लागले. जेथे मोबाइलला संपर्क मिळत नसे, तेथे दोघांनाही नोंद पाठवण्यासाठी जवळचे टेकाड गाठावे लागे.