ट्रेनिंगमध्ये पोराला करमेल का?

बीड जिल्ह्यात सैन्यभरतीची तयारी सुरू झाली की घरात बोलणं होतं ते 1600 मीटर धावण्याचं आणि लेखी परीक्षेचं. निवड होते, निघायचा दिवस जवळ येतो आणि मग आई विचारते, "तिकडं पोराला करमेल का?" या प्रश्नाला हसू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीरासोबत मनही थकतं, आणि घराची आठवण सतावते ती कामात नव्हे, रिकाम्या वेळात.

बारावी सायन्स किंवा आयटीआय करून टेक्निकल शाखेत गेलेल्या मुलाला पहाटे पीटी असते, दिवसा वर्ग आणि वर्कशॉप. इंजिन, जनरेटर, वायरलेस किंवा पूलबांधणी, ज्याचा जो ट्रेड असेल ते. संध्याकाळी मात्र सगळे मैदानावर उतरतात. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, कबड्डी, फुटबॉल. खेळ हा तिथे दिनक्रमाचाच भाग आहे. पुढे रोल कॉल, जेवण आणि झोप. रविवारी कपडे धुणं, केस कापणं, मंदिरात किंवा सर्वधर्म स्थळी जाणं, टीव्ही आणि घरी फोन. अधूनमधून बडा खाना होतो. तेव्हा अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात.

संध्याकाळच्या या तासांतून काय उभं राहू शकतं ते पुण्याजवळच्या खडकीत दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. वडील गेले, घराची जबाबदारी अंगावर आली आणि 2012 मध्ये तो खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंत्यांच्या तुकडीत भरती झाला. दुष्काळी गावातला मुलगा, त्याला पाण्याची भीतीच होती. पण त्याची उंची प्रशिक्षकांच्या नजरेत भरली आणि त्यांनी त्याला नौकानयनाकडे वळवलं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक मिळवलं. घरी असताना त्याने हा खेळ स्वतःहून निवडला असता का? शक्यच नव्हतं.

सांगलीचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई या तांत्रिक शाखेतले जवान आणि मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. बीडकरांना तर आपलाच धावपटू अविनाश साबळे ठाऊक आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि स्पर्धेत धावायला लागला तो 2015 मध्ये, सैन्याच्याच क्रॉस कंट्रीतून. अर्थात प्रत्येक मुलगा पदक आणणार नाही, तशी अपेक्षाही त्याच्यावर लादू नये. रोज संध्याकाळी घाम गाळणाऱ्याला रात्री झोप लागते आणि चार मित्र मिळतात, हेही थोडं नाही.

मित्र मिळायला भाषा लागते. बरॅकमध्ये शेजारच्या खाटेवर पंजाबचा किंवा तामिळनाडूचा मुलगा असू शकतो आणि आपसात बोलायची भाषा हिंदी असते. घरी असतानाच हिंदी बोलायची सवय लावावी.

आता पालकांनी मनाची तयारी कुठे करायची ते. फोन वापरायची वेळ ठरलेली असते, म्हणून दोन दिवस फोन आला नाही तर घाबरून जाऊ नये. केंद्राबाहेर जायला आउटपास लागतो आणि सुरुवातीच्या दिवसांत तो मिळत नाही. अग्निवीराला वर्षाला 30 दिवसांची रजा असली, तरी ट्रेनिंगमध्ये पोळ्याला किंवा दिवाळीला तो घरी येईल असं धरून चालू नये. बरॅकमधले फोटो गावच्या ग्रुपवर मागवू नयेत. सोशल मीडियाबाबत सैन्य कडक आहे. 2020 मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अॅप काढून टाकायला सांगितलं होतं.

पैशाची बाजूही करमणुकीशी जोडलेली आहे. पहिल्या वर्षी अग्निवीराचं वेतन 30,000 रुपये, त्यातले 9,000 सेवा निधीत जातात आणि हातात 21,000 राहतात. राहणं-खाणं सरकारी, वय अठरा-वीस आणि हातात मोबाइल. अशा वेळी पैसे लावून खेळायच्या खेळांचा मोह होतो. घरी किती पाठवायचे आणि स्वतःजवळ किती ठेवायचे, हे निघण्याआधीच एकत्र बसून ठरवावं.

ज्यांचा मुलगा अजून कॉलेजात आहे, त्यांनी त्याला एनसीसीत घालावं. 'सी' प्रमाणपत्राला भरतीत बोनस गुण आहेत. शिवाय दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात पहाटेची पीटी, संध्याकाळचे खेळ, रांगेतलं जेवण आणि अनोळखी मुलांबरोबर राहणं, हे सगळं त्याला आधीच अनुभवता येतं. त्याला तिथे करमतं की नाही, हे आईलाही दहा दिवसांत कळतं.