दीपगृहाचे छायाचित्र

मुकुंदवाडीहून समुद्र फार दूर. तेथील रेल्वे स्थानकावरून गाडीत बसावे, रात्रभर प्रवास करावा, तेव्हा कोठे मुंबईस खाऱ्या वाऱ्याची ओळख होते. त्यामुळे आमच्या शाळेची सहल अलिबागजवळच्या थळ गावी निघाली, तेव्हा मुलांच्या आनंदास पारावार उरला नाही. मी त्या वेळी मुख्याध्यापक होतो. थळहून होडीने खांदेरी बेटावर जावयाचे होते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तेथे दुर्ग बांधावयास घेतला. त्याच बेटाच्या टेकडीवर १८६७ पासून अष्टकोनी दीपगृह उभे आहे.

जाताना एक मुलगी तांडेलाजवळ बसली होती. तिने विचारले, “काका, तुम्हांला हे दीपगृह कशाला लागतं?”

तांडेल हसून म्हणाला, “दिवसा मनोऱ्याच्या आकारावरून ठिकाण ओळखायचं. रात्री आकार दिसत नाही. मग उजेड किती वेळानं चमकतो, ते मोजायचं. दर दीपगृहाची चमक निराळी. मोजणी चुकली, तर होडी खडकावर.”

बेटावर पाऊल ठेवताच सर्वांनी छायाचित्रे घेतली. पायथ्याशी उभे राहावयाचे आणि मनोरा मधोमध धरावयाचा. बीबी-का-मकबऱ्यासमोर आपण सारे घेतो, अगदी तसेच. कित्येकांनी तर दीपगृहाकडे पाठ करून स्वतःचाच चेहरा टिपला! मीही त्यांतलाच. माझ्या चित्रातला मनोरा तर किंचित कललेलाही आहे.

त्या मुलीने बेटावर एकही चित्र घेतले नाही. परतताना ती होडीच्या मागच्या टोकाशी, अगदी खाली बसली. सूर्य बेटापलीकडे उतरला होता आणि त्या उजेडापुढे मनोरा काळा, रेखीव दिसत होता. होडी हेलकावत असल्यामुळे पहिली तीन चित्रे बिघडली. मग तिने पाहिले की, लाटेच्या माथ्यावर होडी क्षणभर स्थिरावते. तो क्षण साधून तिने चौथे चित्र घेतले.

“इतक्या दुरून का?” मी विचारले.

“गुरुजी, ते दुरून पाहण्यासाठीच बांधलंय ना?”

पुढे शाळेच्या फलकावर सर्वांची छायाचित्रे लागली. तिच्या चित्रात तांडेलाचा हात आहे, ओला दोर आहे आणि पुष्कळसे पाणी आहे. दीपगृह अंगठ्याच्या नखाएवढे. पण मुले त्याच चित्रापुढे थांबत आणि विचारत, “आता काठ किती लांब असेल?”