गरोदरपणातील एक लपलेला रक्तस्राव

गरोदर स्त्रीला रक्तस्राव होतो आहे की नाही, हे घरची मंडळी अंगावरून जाणाऱ्या रक्तावरून ठरवितात. पुष्कळदा आपणही तेच करतो. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही खूण क्वचित फसवी ठरते. रक्त बाहेर न येता उदरपोकळीत साठत राहते. नेदरलँड्समधील देशव्यापी नोंदींत असा प्रसंग दर लाख बाळंतपणांमागे सुमारे ५ वेळा आढळला. आकडा लहान आहे. परंतु त्यात माता आणि बालक दोघांचाही जीव धोक्यात येतो.

या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजकोशावर, गर्भाशयाच्या मागे व बाजूंना रुजते. दीर्घकाळच्या दाहाने तेथील रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, अवयव एकमेकांस चिकटतात. गरोदरपणी गर्भाशयाचा रक्तपुरवठा अनेक पटींनी वाढतो, चिकटलेले भाग ताणले जातात आणि संप्रेरकांमुळे ही बाहेरची ऊतीही मऊ व रक्ताळ होते. अशा स्थितीत एखादी शीर फुटते. ‘मूल झाले की हा आजार जातो’ हे वाक्य मी दवाखान्यात आजही ऐकते. पाळी थांबल्याने वेदना पुष्कळदा थांबतात, हे खरे. आजार गेलेला नसतो.

बहुतेक प्रसंग शेवटच्या तिमाहीत घडतात. पोटात अचानक तीव्र वेदना, कधी खांद्यात दुखणे, चक्कर, फिकटपणा. गरोदर स्त्रीचे रक्त जवळजवळ दीडपट झालेले असते, म्हणून बरेच रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो आणि आपण गाफील राहतो. पहिली शंका वार सुटल्याची येते, ती स्वाभाविकच. सोनोग्राफीत वारेबरोबर यकृताभोवती व कुशींतही द्रव शोधावा. न दिसल्यासही वेदना कायम असतील तर हिमोग्लोबिन काही तासांनी पुन्हा पाहावे. सिझेरियन करूनही रक्त कोठून येते ते समोरून दिसत नाही. गर्भाशय बाहेर घेऊन त्याची मागची बाजू पाहावी लागते.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतील लेकी सातव्या-आठव्या महिन्यात पुण्या-मुंबईहून माहेरी येतात. म्हणजे धोक्याच्या नेमक्या काळात डॉक्टर बदलतात, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे कागद सासरच्या कपाटात राहतात. टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिला असेल, तर नातलगांपासून ते लपविलेलेही असते.

एंडोमेट्रिओसिस आहे एवढ्यावरून सिझेरियन किंवा सक्तीची विश्रांती सांगण्याचे कारण नाही. मी पहिल्या भेटीत, शक्यतो एकटीला, विचारते : पाळीत अंथरूण धरावे लागे का? चॉकलेट सिस्टचे निदान झाले होते का? गर्भ राहण्यासाठी कोणते उपचार घेतले? उत्तर होकारार्थी असल्यास केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईने नोंद करते, आणि अचानक पोट दुखल्यास रक्त दिसण्याची वाट न पाहता थेट रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, असे तिच्या आईला समक्ष सांगते.